जुन्या फियाटच्या गिअरची खरखर आणि तिचा इतिहास

धागा लांबलचक आहे. सवडीने वाचावा.

वारणानगर परिसरातून जुनी फियाट किंवा पद्मिनी घेऊन पन्हाळ्याच्या अथवा जोतिबाच्या डोंगराकडे निघालेल्या माणसाला चढावर एक अनुभव हमखास येतो. वळण संपता संपता रस्ता एकदम उभा होतो, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन धापा टाकू लागते, गाडी अजून चालतीच असते, आणि स्टिअरिंगखालचा दांडा पहिल्या गिअरकडे नेताच पेटीतून दातावर दात घासल्याचा कर्कश आवाज उठतो. गाडी वडिलोपार्जित असेल तर मालकाच्या काळजात धस्स होते. मारुती आणि तिच्यानंतरच्या गाड्यांवर हात बसलेला तरुण फिटर आवाज ऐकतो आणि सांगतो, "पेटी उतरवावी लागणार."

पुष्कळदा ती उतरवण्याचे काहीच कारण नसते. पहिल्या गिअरचा तो आवाज बिघाडाचा नसून त्या गाडीच्या जन्मकाळाचा असतो. उलट खरा बिघाड दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये हळूच बोलत असतो, आणि तिकडे "जुनी गाडी आहे, चालायचेच" म्हणून कानाडोळा होतो. पन्नाशी गाठलेल्या गाडीच्या बाबतीत ही गल्लत महागात पडते. एकदा तुटलेल्या दाताच्या जागी नवा मूळ भाग मिळणे आता सोपे राहिलेले नाही. म्हणून खरखरीचे निदान करण्याआधी ती कोणत्या सालची आहे हे ओळखायला हवे.

आधी पेटीत काय घडते ते पाहू. इंजिनाची फिरकी क्लचमधून पेटीत शिरते, मधल्या आसावर उतरते आणि बाहेर पडणाऱ्या आसावरून मागच्या चाकांकडे जाते. बाहेरचा आस चाकांशी बांधलेला आहे, म्हणजे त्याची गती रस्ता ठरवतो. आतल्या बाजूची गती इंजिन ठरवते. गिअर बदलताना या दोन स्वतंत्र गती एका क्षणासाठी जुळाव्या लागतात. समजा, बाहेरचा आस मिनिटाला ५०० फेरे घेत आहे. पहिल्या गिअरचे प्रमाण ४ ला १ धरले, तर आतली बाजू २,००० फेऱ्यांवर हवी. तिसऱ्याचे प्रमाण दीडास एक धरले, तर ७५० पुरतात. म्हणजे चालत्या गाडीत वरच्या गिअरवरून खाली येताना आतल्या चक्रांना वेग चढवावा लागतो, आणि खालून वर जाताना तो उतरवावा लागतो. हे जुळवले नाही की दात एकमेकांवर आपटतात. खरखर म्हणतात ती हीच.

१८९१ च्या सुमारास पॅरिसच्या पानार-लेव्हासॉर कंपनीच्या गाड्यांत सरकत्या चक्रांची पेटी आली, तेव्हा ही जुळवाजुळव सर्वस्वी चालकाच्या हातापायांवर सोपवलेली होती. चक्र सरकवायचे आणि दुसऱ्या चक्रात घुसवायचे, एवढाच तो कारभार. पद्धत रानटी होती, पण स्वस्त, मजबूत आणि समजायला सोपी होती. त्यातूनच चालकाची एक विद्या जन्मली. क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडायचा, खाली यायचे असेल तर अ‍ॅक्सिलरेटरला हलकासा झटका द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग पुढचा गिअर टाकायचा. आपल्याकडे तिला सरळ 'डबल क्लच' म्हणतात. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, त्या पिढीच्या चालकांना ही विद्या नसती तर घाट चढताच आला नसता. उसाच्या ट्रकवाल्यांनाही ती श्वासासारखी अवगत होती. संस्थानिकांच्या आणि सावकारांच्या गाड्यांवर पगारी चालक असे, त्यामागे प्रतिष्ठेइतकेच हेही कारण होते: मालकाला गिअर टाकता येत नसे.

ही विद्या पेटीतच बसवण्याचे काम अमेरिकेत झाले. अर्ल थॉम्पसन या अभियंत्याची सिंक्रोमेश रचना कॅडिलॅकने १९२८ मध्ये बाजारात आणली. कल्पना साधी आणि सुंदर आहे. गिअर दातांत घुसण्याआधी एक शंकूच्या आकाराची पितळी रिंग त्या चक्राच्या शंकूवर घासते. घर्षणाने दोन्हींच्या गती समान होतात आणि मगच दात आत सरकतात. रिंगेच्या आतल्या बाजूला बारीक खोबणी असतात. मधला तेलाचा पापुद्रा कापून धातूला धातूची पकड मिळवून देणे हे त्यांचे काम. पुढे निदानात या खोबणींना फार महत्त्व येणार आहे.

मात्र सिंक्रो सर्व गिअरना एकदम मिळाला नाही. पहिला गिअर गाडी थांबलेली असतानाच टाकायचा, त्याला ही चैन कशाला, असा युरोपातील बहुतेक कारखान्यांचा हिशेब होता. फियाटची नवी ११००, म्हणजे कारखान्याच्या भाषेत ११००-१०३, १९५३ मध्ये आली तीही याच हिशेबाने. चार गिअर, दुसरा, तिसरा, चौथा सिंक्रोसह, पहिला आणि रिव्हर्स त्याविना. त्या काळाच्या मानाने यात कमीपणा काही नव्हता. फोक्सवॅगनच्या बीटललाही पहिल्या गिअरचा सिंक्रो १९६० च्या सुमारास मिळाला, आणि एमजीबीसारख्या नावाजलेल्या इंग्रजी स्पोर्ट्स कारला तर १९६७ पर्यंत थांबावे लागले.

म्हणून इतिहासाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. युरोपने दहा-पंधरा वर्षांत जी गोष्ट मागे टाकली ती आपल्या रस्त्यांवर शतक संपेपर्यंत कशी टिकली?

त्यासाठी कुर्ल्याला जावे लागते. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या, आणि १९५० च्या दशकात फियाटशी करार होऊन ११०० आली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने सुटे भाग इथेच बनवण्याची योजना आहे त्यांनाच या धंद्यात ठेवावे. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. मोटारगाडीच्या बाजारात उरली ती मोजकी नावे: कुर्ल्याची फियाट, कलकत्त्याजवळची अ‍ॅम्बॅसडर, मद्रासची स्टँडर्ड.

या धोरणाला शिव्या घालणे आज सोपे झाले आहे. मला त्यात अर्धेच तथ्य दिसते. पेटीतले एक चक्र बदलायचे म्हणजे ते कापणारी यंत्रे, साचे आणि मापकाठ्या बदलायच्या, आणि त्यासाठी परकीय चलन हवे. ते देशात नव्हते आणि जे होते ते मोटारींवर खर्च करण्याची सरकारची इच्छा नव्हती. मोटारींच्या किमतीवर नियंत्रण होते, उत्पादनावर परवान्याची मर्यादा होती, आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणारा ग्राहक दाराशी उभा होता. पहिल्या गिअरला सिंक्रो बसवून यातल्या कोणाचा काय फायदा होणार होता? नावे बदलत गेली. १९७२ मध्ये गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी झाली. पेटीचा मूळ आराखडा मात्र तोच राहिला. जे काम परदेशात रिंगेकडे गेले ते आपल्याकडे चालकाच्या पायाकडेच राहिले.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. एकच यंत्र चाळीस-पन्नास वर्षे चालल्यामुळे तालुक्याच्या गावातल्या फिटरला ते तोंडपाठ झाले. कोल्हापूरला तर यंत्र उघडून पाहण्याची आणि पाहून तसेच घडवण्याची जुनी खोड आहे. बाबूराव पेंटरांनी इथेच स्वतःचा चित्रपट-कॅमेरा तयार केला. उसाचे चरक आणि शेतावरची तेल-इंजिने यांच्या जोरावर इथले ओतकाम व लेथकाम वाढले, शिवाजी उद्यमनगर उभे राहिले. अशा गावात फियाटची पेटी म्हणजे काही गूढ नव्हते.

वारणेच्या खोऱ्याचा इथे एक चमत्कारिक धागा जुळतो. वालचंदांनी रावळगाव आणि वालचंदनगर इथे खासगी साखर कारखानदारी उभारली होती. तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात वारणाकाठी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा करण्याचे काम हाती घेतले, आणि माळरानावर वारणानगर वसले. साखरेचा पैसा गावात आला तशी वाहने आली. आधी बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रक, जीप. आणि ज्यांना परवडली त्यांच्या दारी फियाट. १९८३ मध्ये वारणानगरला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. त्याच वर्षी डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, चारही पुढच्या गिअरना सिंक्रो असलेली. १९९८ मध्ये वारणा परिसरातल्या गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प देशभर गाजला, आणि त्याही वर्षी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा चालक सिग्नल सुटण्याआधी आधी दुसरा आणि मग पहिला गिअर टाकत उभा होता.

"आधी दुसरा, मग पहिला" हे नीट ध्यानात घ्यावे, कारण निदानाची गुरुकिल्ली त्यात आहे. गाडी उभी आहे, क्लच दाबला, तरी मधला आस जडत्वाने थोडा वेळ फिरत राहतो. दुसऱ्या गिअरची रिंग त्याला धरून थांबवते. आस थांबला की सिंक्रो नसलेला पहिला गिअर आवाज न करता बसतो. ही युक्ती चालली तर समजावे की पहिल्या गिअरची खरखर ही घाईची आहे. पेटी निरोगी आहे.

आता खऱ्या बिघाडाकडे वळू. जुने मेस्त्री पाना उचलण्याआधी जे तपासत, त्याचा क्रम सांगतो.

सर्वांत आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहावेत. इंजिन बंद असतानाही दांडा अडत असेल, तर क्लचचा किंवा रिंगेचा दोष धरायचा नाही. तो दांडा आणि पेटी यांच्यामधल्या जोडणीचा. फियाटमध्ये ही जोडणी लांबची वाट चालते. स्टिअरिंगखालून दांडा फिरवला की नळी, हात, सळ्या आणि बुश अशा साखळीतून हालचाल पेटीपर्यंत पोचते. ही रचना अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस लोकप्रिय झाली, कारण जमिनीवरचा दांडा गेला की पुढच्या सलग बाकावर तिसरा माणूस बसतो. आपल्या कुटुंबांनी तर त्या बाकावर दोन मुलेही बसवली. पण प्रत्येक बुश थोडा झिजला की सगळ्यांची ढिलाई एकत्र होते. मग दांडा हातभर हलतो, पेटीतला हात बोटभरही हलत नाही आणि गिअर अर्धाच बसतो. कधी दोन हात एकमेकांत अडकतात, आणि चालक भर रस्त्यात बॉनेट उघडून ते हाताने सोडवतो. असे दृश्य पाहिलेली पिढी अजून हयात आहे. यावर उपाय बुश बदलणे आणि सळीची लांबी जुळवणे. पेटीला हात लावायचा नाही. इंजिनाखालची रबरी माउंटिंग बसली असतील तरी इंजिन डोलते आणि तशीच लक्षणे दिसतात.

इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर संशय क्लचवर घ्यावा. गाडी सपाटीवर उभी, इंजिन मंद गतीवर, क्लच पूर्ण दाबून मनातल्या मनात पाच आकडे मोजावेत आणि मग रिव्हर्स टाकावा. पाच सेकंद थांबूनही खरखर होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. मधला आस थांबतच नाही, इंजिन त्याला ओढत राहते. पहिला गिअर टाकून क्लच तळापर्यंत दाबलेला असतानाही गाडी पुढे सरकू पाहत असेल तर खात्रीच झाली.

कारणे शोधताना सगळ्यात स्वस्त कारणापासून सुरुवात करावी. पेडलखाली जाड काथ्याची चटई आहे का, हे आधी पाहावे. हसू नये; पेडल शेवटचे इंचभर खाली गेले नाही की क्लच अर्धवट धरलेलाच राहतो. मग पेडलचा मोकळा खेळ आणि जोडणीतली झीज. आमच्या भागातल्या पावसाचे कारण वेगळेच. पन्हाळ्याच्या पायथ्याशी चार महिने शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीची क्लच प्लेट दमटपणाने गंजून फ्लायव्हीलला चिकटते. दसऱ्याला गाडी बाहेर काढली की एकही गिअर पडत नाही, आणि घरचे लोक म्हणतात पेटी गेली. पेटीला काहीही झालेले नसते.

तिसरी पायरी रस्त्यावरची. सगळ्याच गिअरना त्रास होत असेल तर क्लच किंवा तेल. एकाच गिअरला होत असेल तर त्या गिअरची रिंग. चौथ्यावरून तिसऱ्यात येताना खरखर होते का? मग तोच बदल डबल क्लच करून पाहावा. आवाज पूर्ण गेला तर तिसऱ्याची रिंग झिजली आहे, कारण रिंगेचे काम तुमच्या पायाने केले आणि बाकीची पेटी निमूट वागली. अठ्ठावीस सालच्या शोधाची तपासणी त्याआधीच्या काळातल्या विद्येने करायची, असा हा प्रकार आहे, आणि मला तो फार आवडतो. डबल क्लच करूनही आवाज राहिला तर दातांची टोके, बेअरिंग किंवा आसाची झीज पाहावी लागेल, आणि तिथे पेटी उघडण्याला पर्याय नाही. गिअर पडतो पण चढ उतरताना आपोआप निसटतो, हा आणखी निराळा आजार. त्याचा संबंध गिअर जागी धरून ठेवणाऱ्या स्प्रिंग-गोळीशी किंवा गोल झालेल्या दातांशी असतो. खरखरीच्या उपायाने तो बरा होत नाही.

राहिले तेल, आणि सर्वाधिक नुकसान इथेच होते. चांगल्या हेतूने, महागातले, डब्यावर मोठे आकडे असलेले तेल पेटीत ओतले जाते. डिफरन्शियलसाठी बनवलेल्या काही तेलांत अतिदाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसची द्रव्ये भरपूर असतात. पोलादी दातांना ती वाचवतात. मात्र गरम झाल्यावर त्यांतली काही पितळाला खातात. शिवाय तेल फार निसरडे असले की रिंगेला शंकूवर पकडच मिळत नाही. डब्यावर जीएल-५ लिहिले आहे म्हणून ते जीएल-४ पेक्षा एका पायरीने चांगले, हा समज या पेटीपुरता धोक्याचा आहे. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार आणि जो जाडपणा दिला असेल तोच धरावा. सकाळी गार असताना गिअर जड आणि दहा मैलांनंतर हलके, तर तेल जाड आहे किंवा जुने झाले आहे. एवढ्यावरून यंत्राला दोष देऊ नये.

जुने तेल काढताना ते गटारात सोडण्याआधी (सोडूच नये, पण सोडतात) पांढऱ्या थाळीत घ्यावे आणि उन्हात धरावे. सोन्यासारखी चमकणारी धूळ दिसली तर ती रिंगांची. त्यात लोहचुंबक फिरवावा. चुंबकाला राखाडी लगदा थोडासा चिकटणे वयोमानाने ठीकच. टोकदार कण चिकटले तर दात तुटत आहेत आणि गाडी त्याच दिवशी थांबवावी.

एवढे करूनही पेटी उघडायची वेळ आली, तर जुनी रिंग भंगारात टाकू नये. कोल्हापुरात पितळ ओतणारे आणि लेथवर बारीक काम करणारे हात आहेत, पण शंकूचा कोन आणि आतल्या खोबणी नमुन्याशिवाय जमत नाहीत. कोन किंचित चुकला तर रिंग एकतर घसरते किंवा शंकूवर घट्ट बसून सुटेनाशी होते.

मुंबईत नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. तिच्याबरोबर रोज शेकडो वेळा "आधी दुसरा, मग पहिला" करणारे हातही निवृत्त झाले. दुसरीकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदणीची सोय दिली. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा एवढी अट. १९७४ ची पद्मिनी त्या वयाला आता पोचली आहे. या गाड्यांतली दांड्याची जोडणी उपटून दुसऱ्या गाडीची जमिनीवरची पेटी बसवण्याची टूम निघाली आहे. पन्हाळ्याच्या चढावर ती सोयीची असेलही. पण तसे करण्याआधी काथ्याची चटई काढून एकदा पाच आकडे मोजून पाहावेत.